सुनीलच्या नावाने एकशे दहा

४ नोव्हेंबर, मंगळवार

संतोष सरांनी पहिल्याच दिवशी एक वही हातात दिली. म्हणाले, "जे दिसेल ते लिहून ठेव. ऑडिटवाल्यांना पुरावा लागतो." ती वही टेबलावरच असते, कोणीही उघडून बघतं. म्हणून घरी येताना ही दुसरी घेतली. त्या वहीत जे लिहिता येणार नाही ते हिच्यात.

माझी माहिती: गोरक्ष, वय तेवीस, मूळचा मनमाडचा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. मग येवल्यात पैठणीच्या कारखान्यात दोऱ्याच्या कांड्या भरल्या, मोबाइल दुरुस्ती शिकलो, अर्धीच. मग दिंडोरी रोडला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये दोन सीझन. तिथे परदेशी जाणाऱ्या एका पेटीवर दुसऱ्याच शेताचं लेबल लागलेलं मी पकडलं आणि भरलेली गाडी थांबवली. ते पॅकहाउस संतोष सरांच्या मेव्हण्याचं. मेव्हणे सरांना म्हणाले, "पोरगा संशयी आहे, तुमच्या कामाचा आहे." आई म्हणते संशयी नाही, रिकामा आहे.

ऑफिस मुंबई नाक्याजवळ, पडद्यांच्या दुकानाच्या वर. अकरा माणसं. रक्त-लघवीचे रिपोर्ट लॅबमधून पेशंटच्या मोबाइलवर पोचवायचं सॉफ्टवेअर इथे बनतं. मोठं गिऱ्हाईक एकच, पुण्याची एक हॉस्पिटलवाली कंपनी. त्यांनी कळवलंय की १५ डिसेंबरला ऑडिट. सॉफ्टवेअरमध्ये केलेला प्रत्येक बदल कोणी सोडला, काय तपासून सोडला, ते दाखवा. नाही दाखवलं तर करार संपला.

मला तीन महिने बघणार. ऑडिट पास झालं तर कायम. मी आजपर्यंत कुठेच कायम नव्हतो, त्यामुळे कायम माणसाला नक्की काय वाटतं ते बघायचंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उज्वला मॅडमनी समजावलं. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या, सगळी रिलीजं त्यांच्याकडे. (नवा बदल चालू करणं म्हणजे रिलीज.) सॉफ्टवेअर म्हणे एका डब्यात बंद करतात, त्याला लागणारं सगळं सामान आतच. त्याला कंटेनर म्हणतात. असे डबे गोदामातून उचलून चालवणारा एक प्लॅटफॉर्म असतो. आता त्याच्या दारात नियम बसवायचे. डबा तपासलेला हवा, त्यावर सील हवं, सोडणाऱ्यानं स्वतःच्या नावानं सोडायला हवा आणि दुसऱ्यानं मंजूर करायला हवा. यातलं एक जरी नसेल तरी दार उघडणार नाही.

मी म्हणलं, "मॅडम, हे तर पॅकहाउसच झालं." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल."

हे मला खटकलं. अनुभवी माणूस नव्याला असं म्हणत नाही.

आणखी एक. कोपऱ्यात एक छोटी खोली आहे. तिथे टेबलावर एकच जुना लॅपटॉप, दसऱ्याचं कुंकू अजून झाकणावर, कायम चार्जिंगला. मॅडम आत जाताना चपला बाहेर काढतात. पायलपण काढते (पायल माझ्या शेजारी बसते, दोन वर्षं झाली तिला). आज मी सहज डोकावलो तर मॅडमनी स्क्रीन खाली केली.

"काय हवंय?"

"काही नाही. चार्जर."

"चार्जर बाहेर आहेत."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

ऑडिटसाठी यादी करायची होती, मागची सगळी रिलीजं कोणी सोडली त्याची. प्लॅटफॉर्म सगळी नोंद ठेवतो, ती नोंद काढली. मागच्या चौदा महिन्यांत एकशे अकरा. त्यातली तीन उज्वला मॅडमच्या नावावर, तीही सगळ्यांत जुनी. उरलेली एकशे आठ एका सुनीलच्या.

मी पायलला विचारलं, "हा सुनील कुठे बसतो?"

"सुनीलदादा? अरे तो गेला की. मागच्या वर्षी, गणपतीनंतर."

"कुठे?"

"घरी. सिन्नरला. वडील आजारी पडले ना त्याचे." मग तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "तू कशाला विचारतोय?"

"असंच."

शेवटचं रिलीज काल सकाळी ११:४० चं आहे. चौदा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेला माणूस काल सकाळी आमच्या प्लॅटफॉर्मवर होता! हजारो पेशंटचे रिपोर्ट आहेत तिथे.

काल ११:४० ला ऑफिसात कोण कुठे होतं ते आठवून काढलं. सर बाहेर. मी कँटीनला (तिथे टीव्हीवर मालगाडीचे डबे घसरल्याची बातमी होती, ती बघत बसलो). पायल पेढे आणायला गेलेली, रिलीज नीट झालं की इथे पेढे वाटतात. उज्वला मॅडम कोपऱ्यातल्या खोलीत, दार लावून. म्हणजे तो बाहेरून आत शिरला तेव्हा प्लॅटफॉर्म बघणारं जागेवर कोणीच नव्हतं. त्याला हे कोण कळवतं?

पॅकहाउसला प्रत्येक बाईचा नंबर असायचा. आपला नंबर दुसरीच्या पेटीवर मेलं तरी कोणी लावू दिला नसता. पेटीत सडका मणी निघाला तर पावती तिच्या नावानं फाटायची. तेव्हा नाव सुनीलचं म्हणजे माणूस सुनीलच. यात शंका घ्यायला जागा नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमनी नियम बसवले. पण दार अडवत नाही! डबा बिनसीलचा असला तरी नुसती सूचना येते आणि डबा जातो.

"सध्या फक्त बोंब मारेल," मॅडम म्हणाल्या. "अडवायला डिसेंबरात लावू."

"आत्ताच का नाही?"

"सवय लागू दे सगळ्यांना."

सगळ्यांना म्हणजे कोणाला? आज दुपारी परत सुनीलच्या नावानं रिलीज, परत बोंब, आणि मॅडमनी ती सूचना वाचून बंद केली. मी मागे उभा होतो. आश्चर्य नाही, राग नाही, काही नाही.

संतोष सरांना आडून विचारलं, जुन्या लोकांची लॉगिन बंद करतो का आपण? ते मोबाइलमधून वर न बघता म्हणाले, "उज्वलाला विचार. आणि सुनीलचं नाव इथे उगाच काढू नकोस."

मी सुनीलचं नाव घेतलंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सिन्नरला जाऊन आलो. ऑफिसच्या कपाटात एक जुनं कुरिअरचं पाकीट होतं, त्यावर त्याचा पत्ता. महामार्ग स्टँडवरून एसटी. उतरल्यावर आधी गोंदेश्वराला गेलो, म्हणलं दर्शन घेऊन कामाला लागू. तिथे दगडातलं कोरीवकाम बघता बघता साडेबारा वाजले. एका खांबावरचा वादक अर्धाच आहे, हातात काय होतं ते कळत नाही. असो.

सुनील घरी नव्हता. आई होती, कुसाबाई. ओसरीत खाटेवर वडील, एक बाजू गेलेली. मी सांगितलं ऑफिसातून आलोय. म्हातारीनं लगेच चहा टाकला.

"बस रे बाळा. सुनील नाशकाला गेलाय, शर्ट घ्यायाला. एक तारखेपून कामाला जायचंय ना त्याला."

"कुठे लागलं मावशी?"

"पुन्याला. हास्पिटलवाल्यांकडं. तुमच्याच वळखीचे हायेत म्हने ते."

मी कप खाली ठेवला. आमचंच गिऱ्हाईक!

"घरी कंप्यूटर आहे का त्याचा?"

"कंप्यूटर? नाय रे. त्यो तर कंपनीत देऊन आला तव्हाच. चौदा महिने बापाला उचलनं-ठिवनं, त्याला कव्हा टाइम." मग म्हणाल्या, "उज्वलाताई लय चांगली. मागल्या आठवड्यात तिचा फोन आल्ता. म्हने, सुनील, अजून तुझ्याच हाताला यश हाये. आमी हसलो."

मागच्या आठवड्यात फोन. म्हणजे संबंध चालू आहेत. घरी कंप्यूटर नाही हे सांगायची गरज काय होती? (मी विचारलं म्हणून, पण तरी.) आणि मी सिन्नरला येतो नेमका त्याच दिवशी हा नाशिकला जातो!

म्हातारीनं येताना शेंगांची पिशवी दिली. एसटीत फोडून बघितली, शेंगाच होत्या. खाल्ल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विशेष काही नाही. पायलच्या मामेबहिणीचं लग्न, तिच्या दोन्ही हातांना ओली मेंदी. दुपारी चारला मला कोपऱ्यातल्या खोलीत हाक मारली. "चपला काढ आणि ते एंटर दाब ना जरा, मला हात लावता येत नाही." दाबलं. पेढे मिळाले. तिला सहज विचारलं सुनील कसा होता, तर म्हणाली, "देवमाणूस." सगळेच त्याच्या बाजूचे आहेत.

संध्याकाळी नोंद बघितली. आजही एक! ४:१० ला. दिवसाढवळ्या, मी ऑफिसात हजर असताना. एवढी हिंमत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याहून फॉर्म आला, माझ्या नावावर. ऑडिटचे प्रश्न. सतरावा प्रश्न: नोकरी सोडून गेलेल्या कोणत्याही व्यक्तीनं त्यानंतर प्लॅटफॉर्म वापरला आहे का? असल्यास तपशील द्या.

दोन तास त्याच्याकडे बघत बसलो. मॅडमना दाखवावा तर त्या सुनीलला सांगणार. सरांना दाखवावा तर ते म्हणणार उज्वलाला विचार. आणि एक तारखेला तो माणूस पुण्यात, थेट आतच बसणार.

लिहिलं. 'होय. सुनील, सिन्नर. एकशे दहा वेळा.' सगळ्या तारखा, वेळा, शेवटची २१ नोव्हेंबर ४:१० सकट. खाली माझं पूर्ण नाव. पाठवलं.

एवढं लांब आणि पूर्ण मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. परत येताना शालिमारला उतरलो, काही काम नव्हतं, नुसता फिरलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पुण्याहून फोन. सगळी रिलीजं बंद. आणि सुनीलची नेमणूक थांबवली. 'चौकशी होईपर्यंत.'

सरांच्या केबिनमध्ये मी, सर, उज्वला मॅडम. मॅडमच्या हातात माझ्या फॉर्मची प्रिंट. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. त्यांनी अगदी हळू विचारलं.

"गोरक्ष, दहा तारखेला ११:४० ला मी कुठे होते?"

"कोपऱ्यातल्या खोलीत."

"काय करत होते?"

"दार लावलेलं होतं, मॅडम."

"मी रिलीज सोडत होते. त्या लॅपटॉपवरून. त्याच्यात सुनीलचं लॉगिन चालूच आहे, पासवर्ड मला माहीतसुद्धा नाही."

 त्याच पुढे बोलल्या. सुनील होता तोवर त्याच्या हातचं एकही रिलीज कधी फसलं नाही. तो गेल्यावर मॅडमनी स्वतःच्या नावानं तीन सोडली आणि तिन्ही आपटली. तिसऱ्या वेळी चार तास रिपोर्ट अडकले, लॅबच्या दारात लोक ताटकळले. चौथं घाबरत घाबरत सुनीलच्या लॅपटॉपवरून सोडलं, ते सुरळीत गेलं. मग पाचवंही तिथूनच. मग चपला बाहेर.

"मी इंजिनिअर आहे रे," मॅडम म्हणाल्या. "मला कळत होतं. पण आपल्या हातानं बिघडण्यापेक्षा त्याच्या हातानं नीट गेलेलं बरं वाटायचं. तू ऑडिटचा माणूस म्हणून आलास, तुला कुठल्या तोंडानं सांगणार?"

सर म्हणाले, "आता एक ऐका. झालं ते झालं. पुण्याच्या नजरेत आपण फसवले गेलेलो आहोत. ते लॉगिन आज बंद करू, कळवून टाकू. हे चौदा महिन्यांचं खरं सांगितलं तर करार गेला. अकरा घरं आहेत."

"आणि सुनील?" मॅडमनी विचारलं.

"त्याला दुसरीकडे मिळेल. हुशार आहे." मग माझ्याकडे वळून, "तू काही खोटं लिहिलेलं नाहीस गोरक्ष. नोंदीत होतं तेच लिहिलंस. आणि चांगलं लिहिलंस. जानेवारीत तुझं कायम करून टाकू."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विश्वास बसत नाही. मॅडम सुनीलला वाचवायला हे बोलत नसतील कशावरून? चपला काढून लॅपटॉप चालवणारी माणसं असतात का? (येवल्याला मालक नव्या मागाला नारळ फोडायचा, तो भाग वेगळा. तिथे साडीवर नाव मालकाचंच जायचं.)

म्हणून ऑफिसच्या अंगठ्याच्या मशीनमधली हजेरी काढली आणि एकशे दहा तारखांशी लावली. मॅडम रजेवर त्या दिवशी पायल हजर. पायल रजेवर त्या दिवशी मॅडम. दोघी नाहीत असे नऊ दिवस, आणि त्या नऊ दिवसांत सुनीलचं एकही रिलीज नाही. त्यानं एकदा तरी यावं म्हणून मी तीनदा तपासलं.

मग २१ तारखेपाशी आलो. मॅडम पुण्याला गेलेल्या. पायलचे हात मेंदीत.

वही मिटून मुंबई नाक्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. ते एंटर माझं होतं. आणि त्याच एंटरसाठी मी सुनीलचं नाव पुण्याला लिहून पाठवलं, वेळेसकट, वर त्याच्या हिंमतीचा राग केला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज ठरवून ऑफिसात. उद्या सुनीलची कामावर जायची तारीख. मी मॅडमना फोन केला की मी दुरुस्ती पाठवणार, प्रत्येक ओळीपुढे खरं नाव पाहिजे, तुम्ही सांगितलं नाही तर हजेरीवरून लावीन. वाटलं अडवतील. म्हणाल्या, "थांब, मी येते."

त्या आल्या आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. सकाळी दहा ते दुपारी दोन. एकेक तारीख मी वाचायची, त्यांनी सांगायचं. "मी." "मी." "पायल." "मी." एक्क्याऐंशी वेळा 'मी' म्हणाल्या. एकदाही आवाज चढला नाही. एवढं सहज कबूल करणाऱ्या माणसाचा काहीतरी हेतू असतो, म्हणून मी मधूनमधून एखादी तारीख पुन्हा विचारून बघितली. दर वेळी तेच उत्तर.

पायलला मॅडमनीच फोन लावला, आवाज मोठा करून.

"माझं नाव नका ना टाकू, मॅडम. मी तुम्ही सांगितलं म्हणून केलं."

"तेपण लिहू. उज्वलाच्या सांगण्यावरून, असं. मग चालेल?"

पलीकडून पायल म्हणाली, "टाका."

तिची अठ्ठावीस. शेवटची ओळ उरली. मॅडम म्हणाल्या, "हिच्यापुढेपण पायल टाक. मेंदीचं कोण विचारतंय?" मी माझं टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

पाठवण्याआधी सरांना फोन केला. "सर, दुरुस्ती पाठवतोय."

"कोणाला विचारून?"

"फॉर्म माझ्या नावावर आहे, सर."

फोन कट. पाठवलं, २:१५ ला.

१ डिसेंबर, सोमवार

सर बोलत नाहीत. पायलनं खुर्ची दुसऱ्या टेबलाला नेली. सुनीलचं लॉगिन बंद केलं आणि दार अडवायला लावलं, दोन्ही मॅडमनी, सरांना न विचारता. पुण्याहून काही नाही. आज तो कामावर जायचा होता. घडीचा शर्ट तसाच असेल.

३ डिसेंबर, बुधवार

अनोळखी नंबर.

"तूच का गोरक्ष? आमच्या घरून शेंगा घेऊन गेलास तो?"

मी म्हणलं हो. फोनवरचा आवाज सुनीलचाच कशावरून, म्हणून विचारलं ओसरीत खाट कुठल्या बाजूला आहे. तो म्हणाला, "अरे, तू मला तपासतोयस?" पण सांगितलं. बरोबर होतं.

पुणेवाल्यांनी त्याला ती यादी पाठवलीय. एकशे दहा ओळी, तुझं काही म्हणणं आहे का म्हणून.

"चौदा महिने मी वडिलांना आंघोळ घालत होतो," तो म्हणाला, "आणि तिकडे मी रोज कामावर. एखादी रजा तरी टाकायची माझ्या नावानं." हसला नाही. "उज्वलाताई फोनवर यशाचं बोलायच्या, मला वाटायचं कौतुक करतात. आता आई शेजारी कोणाला सांगत नाही की माझं काम थांबलंय. म्हणते, तारीख पुढं गेली."

मी म्हणलं, "माझं चुकलं."

"ते वाचलं मी. शेवटच्या ओळीत आहे." आणि फोन ठेवला.

मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. विचारायला परत लावला, उचलला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

पुण्याचं पत्र. करार तोडलेला नाही. पण तीन महिने आमचं प्रत्येक रिलीज आमच्याकडे दोघांनी आणि वर त्यांच्या माणसानं मंजूर करायचं. माझी तीन महिन्यांची मुदत सरांनी आणखी तीन महिने वाढवली. सर म्हणाले, "खूश?"  सुनीलबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

तेरा दिवसांनी पहिलं रिलीज. मॅडम स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या नावानं, पायात चपला. बोट एंटरवर आणि दाबेनात. मी म्हणलं, "मॅडम, आपटलं तर तुमच्याच नावावर आपटेल." त्या म्हणाल्या, "धीर देतोयस की घाबरवतोयस?" आणि दाबलं.

दारानं अडवलं. सील नाही. सील लावलं. मग मंजुरी माझी. मी प्रत्येक ओळ वाचली, पाऊण तास लागला, एकदा मध्येच लॅबच्या नावांत मनमाडची एक दिसली आणि तिथेच घुटमळलो. मंजूर केलं. आता पुण्याचा माणूस.

सव्वातीनला उत्तर आलं. नामंजूर. 'डब्यातला एक जुना भाग तपासणीत धोकादायक दाखवला आहे. बदलून पाठवा.' खाली नाव: सुनील.

 मॅडमनी ते नाव दोनदा वाचलं, मग उठून पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल, पण चेहरा हसरा. रिलीज नामंजूर झाल्यावर माणूस एवढा खूश कसा दिसतो ते मला समजलं नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं.

नावावर माझा आता विश्वास नाही. फोन लावला. या वेळी पहिल्या रिंगला उचलला.

"आत्ता जे नामंजूर आलं ते तू केलंस?"

"मी केलं."

"म्हणजे तू स्वतः? तुझ्या जागेवर कोणी दुसरं बसून नाही?"

"मी स्वतः. खुर्चीवर बसून. कालच रुजू झालो, पासवर्ड अजून कोणाला दिलेला नाही." मागे कोणीतरी चहाचं विचारत होतं. "तुमचा डबा खराब आहे गोरक्ष. नीट करा आणि परत पाठवा. मी बसलोय इथे सहापर्यंत."

मॅडम कामाला लागल्यासुद्धा होत्या.